काटे हवेत, तंबू नकोत: ॲट्रॅक्टर पॉइंट वापरून गुळगुळीत काटेरी पृष्ठभाग

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे का ते तुम्हालाही दिसेल. फोंड्याजवळच्या एका होमस्टेत रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर २.४ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच पॅनेल बसवायचे आहे. मालकांना फणसाच्या सालीसारखा काटेरी पृष्ठभाग हवा आहे, पण काटा जिथे पॅनेलला मिळतो तिथे कड दिसता कामा नये. दाराच्या बाजूचे काटे उंच, दुसऱ्या टोकाकडे विरत गेलेले. तुम्ही ग्रासहॉपरमध्ये (राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कंपोनंट नावाचे ठोकळे जोडून आकार काढायची सोय) पृष्ठभागावर बिंदू पाडले, ॲट्रॅक्टरपासूनचे (ज्याच्या जवळिकीवर आकार बदलतो त्या बिंदूपासूनचे) अंतर मोजले, रिमॅप केले, म्हणजे आकडे दुसऱ्या पट्ट्यात बसवले, आणि बिंदू वर उचलले. ग्राफ मॅपरमध्ये (आकड्यांना वक्राने आकार देणारा कंपोनंट) लिनियर, म्हणजे सरळ रेघ, ठेवले तर तंबू दिसतात. गॉशियन, म्हणजे घंटेसारखा वक्र, घेतले तर टेकड्या होतात. तंबूंवर वीव्हरबर्ड या प्लगइनचे स्मूदिंग चालवले तर काटेच बसून जातात. शेवटी विचारले आहे की राइनो ७ मध्ये आलेल्या सबडीने (ढोबळ जाळीतून गुळगुळीत पृष्ठभाग काढणारा प्रकार) हे सुटेल का.

सबडीकडे शेवटी येतो. माझे मत मात्र आताच सांगून टाकतो: गुळगुळीतपणा मागाहून लावायचा नसतो, अंतराची उंची करणाऱ्या सूत्रातच तो असावा लागतो. स्मूदिंग कुठलेही घ्या, त्याला काट्याचे टोक आणि काट्याच्या बुंध्याची कड यांतला फरक कळत नाही. दोन्ही सारखेच झिजतात. तुम्हाला बुंध्याशी मऊपणा हवा आहे आणि टोकाशी धार. लिनियरमध्ये दोन्हीकडे धार, गॉशियनमध्ये दोन्हीकडे मऊपणा. म्हणजे तुमची तिन्ही दुखणी एकाच जागची आहेत.

सूत्राकडे जाण्याआधी एक गुंता सोडवावा लागेल. तुमच्या वर्णनात ‘ॲट्रॅक्टर’ दोन वेगळ्या कामांना वापरला आहे. एक म्हणजे प्रत्येक काट्याचा स्वतःचा बिंदू, जिथे टोक येणार. दुसरा म्हणजे दाराजवळचा तो एक बिंदू, ज्याच्यामुळे सगळे काटे तिकडे उंच व्हायचे. दोन्ही एकाच यादीत टाकले की दारापाशी एक भलामोठा फुगवटा येतो आणि काटे त्यावर पुरळासारखे दिसतात. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या चित्रात तेच झाले आहे असे वाटते. त्यामुळे दोन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात दारापासून प्रत्येक काट्याच्या बिंदूपर्यंतचे अंतर मोजून त्या काट्याची उंची आणि बुंध्याची त्रिज्या ठरवा. दुसऱ्या टप्प्यात त्या दोन याद्या वापरून पृष्ठभाग उचला.

पहिल्या टप्प्यात रिमॅप नंबर्स चालेल, फक्त त्याला बाउंड्स जोडू नका. बाउंड्स म्हणजे हाती असलेल्या आकड्यांतला सर्वात लहान आणि सर्वात मोठा. ॲट्रॅक्टर जरा हलवला की सगळ्यात लांबचे अंतर बदलते आणि पॅनेलभरच्या सगळ्या उंच्या हलतात. त्याऐवजी ० ते २४०० असे ठाम डोमेन (आकड्यांचा पट्टा) द्या आणि क्लिप्ड हे आउटपुट घ्या, म्हणजे पट्ट्याबाहेरचे आकडे टोकाशीच थांबतात. उंची ४० मिलिमीटरपासून १० पर्यंत उतरू द्या, त्रिज्या मात्र ६० पासून ४० पर्यंतच. नुसती उंची कमी केली तर शेवटचे काटे काटे न राहता चपटे फोड दिसतात, आणि दोन्ही सारख्या प्रमाणात कमी केले तर आकार टिकतो पण मधे सपाट मोकळी जागा पडते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या पॅनेलवर प्रकाश कुठून येतो, माणूस किती लांबून बघतो यावर ते बदलतील.

आता मुख्य सूत्र. काट्याच्या बिंदूपासूनचे अंतर घ्या, त्याला त्या काट्याच्या त्रिज्येने भागा, उत्तर एकातून वजा करा. जे येईल ते शून्याखाली गेले तर शून्य धरा. मग त्याचा घन करा आणि उंचीने गुणा. एवढेच. डिव्हिजन, सबट्रॅक्शन, मॅक्सिमम, पॉवर, मल्टिप्लिकेशन, असे पाच साधे कंपोनंट. ग्राफ मॅपरची गरजच उरत नाही. तो हाताने ओढायचा असल्यामुळे महिन्याभराने तोच आकार परत काढायला सांगितला की पंचाईत होते, म्हणून मी तो फक्त चाचपडायला वापरतो.

शून्याची अट विसरू नका, आणि वर्ग करणार असाल तर मुळीच विसरू नका. अंतर त्रिज्येपेक्षा जास्त झाले की कंसातली संख्या ऋण होते, तिचा वर्ग पुन्हा धन होतो आणि काट्याच्या पलीकडे पृष्ठभाग भिंतीसारखा वर चढतो. घनात तो खाली खड्ड्यात जातो. दोन्ही वेळी चूक दुसरीकडेच कुठे आहे असे वाटत राहते.

वर्ग की घन, हा प्रश्न रंगावर ठरतो. वर्ग घेतला तर बुंध्याशी उतार शून्य होतो, म्हणजे कड जाते. पण वक्रता तिथे एकदम तुटते. मॅट रंगात हे कोणाला दिसत नाही. तेच पॅनेल चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) फिनिशचे असेल तर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब प्रत्येक बुंध्याभोवती एक गोल रेघ काढून दाखवते. घनात बुंध्याशी वक्रतासुद्धा शून्यावर येते, त्यामुळे प्रतिबिंब सलग वाहते. राइनोत झीब्रा कमांड (पृष्ठभागावर प्रतिबिंबासारखे पट्टे दाखवणारी) चालवून दोन्ही शेजारी ठेवून बघा, पट्टे मोडतात की वळतात ते लगेच दिसेल. शिवाय घातांक वाढवला की टोक अरुंद होते. ६० त्रिज्या आणि ४० उंचीला वर्ग घेतला तर टोकाचा एकूण कोन सुमारे ७४ अंश येतो, घन घेतला तर ५३, चौथा घात घेतला तर ४१. चौथ्या घातात काटा सुईसारखा दिसू लागतो आणि बराचसा बुंधा नावापुरताच उरतो. बहुतेक कामांत मी घनावर थांबतो.

टोकाला थोडी गोलाई लागेलच. रिसेप्शनपाशी लहान मुले येणार, पिशव्या घासणार, आणि टोकदार कडेवर रंग टिकत नाही. इथेही स्मूदिंग नको. अंतराच्या जागी थोडे बदललेले अंतर वापरा: अंतराचा वर्ग अधिक एका छोट्या संख्येचा वर्ग, आणि त्या बेरजेचे वर्गमूळ. ही छोटी संख्या ६ मिलिमीटर धरू. लांबवर तिचा परिणाम जवळपास शून्य, पण टोकाशी अंतर कधीच ६ च्या खाली जात नाही, म्हणून टोक गोल होते. उंचीही थोडी घटते. ती परत मिळवायला एक वजा ६ भागिले ६०, म्हणजे ०.९, याचा घन करून त्याने भागायचे. टोकाची गोलाई किती येईल तेही आधीच काढता येते: छोटी संख्या गुणिले (त्रिज्या वजा छोटी संख्या), भागिले (घातांक गुणिले उंची). इथे ६ गुणिले ५४ भागिले १२०, म्हणजे २.७ मिलिमीटर. हाताला टोचत नाही आणि डोळ्याला काटाच दिसतो.

पुढचा भाग असा आहे की ज्यावर लोक सर्वात जास्त अडतात आणि ज्याचे उत्तर खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे: काटे एकमेकांना जिथे भिडतात तिथे काय करायचे?

क्लोजेस्ट पॉइंट वापरून प्रत्येक ठिकाणी फक्त जवळच्या काट्याचे अंतर घेतले, तर दोन काट्यांच्या बरोबर मधोमध एक घडी पडते. बुंधे एकमेकांत शिरत असतील तरच पडते. दोन बिंदूंतले अंतर त्रिज्येच्या दुपटीहून जास्त असेल तर उतार तिथवर पोचायच्या आतच शून्य झालेला असतो. गंमत अशी की खऱ्या फणसाला ही घडी असते. कापा असो की रसाळ, कोवळा फणस हातात घेऊन बघा: प्रत्येक काट्याचा बुंधा बहुकोनी असतो आणि शेजाऱ्याशी त्याची खाचेसारखी हद्द असते. फळ पिकू लागले की काटे चपटे होत जातात आणि त्यांच्यात फट वाढते. त्यामुळे मालकांना एकदा नीट विचारा, फणसच हवा आहे की फणसाची आठवण करून देणारे काहीतरी मऊ. पहिले हवे असेल तर क्लोजेस्ट पॉइंटची घडी हा दोष नाहीच, तीच सालीची ओळख. तुम्ही मात्र ‘कुठे कड नको’ असे लिहिले आहे, म्हणून दुसरे गृहीत धरतो.

दुसऱ्यासाठी प्रत्येक ठिकाणी सगळ्या काट्यांच्या उंच्यांची बेरीज घ्या. गुळगुळीत वक्रांची बेरीज गुळगुळीतच राहते, घडी पडायला जागाच नाही. बेरजेवर नेहमीचा आक्षेप असतो की काटे जवळ आले की उंच्या साचत जातात आणि डोंगर होतो. खरे आहे, पण त्याला साधी वेसण आहे: कुठल्याही दोन काट्यांतले अंतर त्रिज्येपेक्षा कमी होऊ देऊ नका. मग एका काट्याच्या टोकावर शेजाऱ्याचे योगदान शून्य राहते आणि प्रत्येक टोक ठरवलेल्या उंचीवरच थांबते. बुंधे मधल्या दरीत तेवढे मिसळतात. ८० मिलिमीटर अंतराचे षटकोनी ग्रिड घ्या, प्रत्येक बिंदू ८ मिलिमीटरपर्यंत कुठल्याही दिशेला सरकवा. वाईटात वाईट परिस्थितीत दोन बिंदू ६४ वर येतील, म्हणजे ६० च्या वरच. ग्रिडचा कंटाळवाणा नेमकेपणाही जातो. दोन काट्यांच्या मधल्या दरीची उंची घनाच्या सूत्रात जेमतेम ३ मिलिमीटर येते.

काटे त्याहून जवळ हवेच असतील तर बेरजेऐवजी प्रत्येक उंचीचा आठवा घात करा, त्यांची बेरीज घ्या आणि तिचे आठवे मूळ काढा. दोन सारख्या उंच्या जिथे भेटतात तिथे दुपटीऐवजी फक्त ९ टक्के वाढ होते, घडीही येत नाही. उंची आधी ० ते १ मध्ये आणून मग घात करा, नाहीतर आकडे उगाच अवाढव्य होतात.

डेटा ट्रीबद्दल (ग्रासहॉपरमधली याद्यांची फांद्याफांद्यांची मांडणी) दोनच गोष्टी, कारण तुमच्या फाइलमधला लाल, म्हणजे चूक दाखवणारा, कंपोनंट बहुधा त्याचाच आहे. पृष्ठभागाचे बिंदू ग्राफ्ट करा (प्रत्येकाला वेगळी फांदी), काट्यांचे बिंदू फ्लॅट (एकाच यादीत) ठेवा, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या फांदीत सगळ्या काट्यांची अंतरे येतात. मास ॲडिशनने त्यांची फांदीनिहाय बेरीज होते. मग सगळे फ्लॅटन. आणि सरफेस फ्रॉम पॉइंट्सला ‘यू’ची, म्हणजे एका दिशेची, संख्या भागांची नाही, बिंदूंची लागते: ४० भाग पाडले असतील तर ४१.

पण सरफेस फ्रॉम पॉइंट्स इथे वापराच असे मी म्हणणार नाही. त्यात इंटरपोलेट बंद ठेवले तर तुमचे बिंदू कंट्रोल पॉइंट होतात आणि पृष्ठभाग त्यांच्यातून जात नाही. तिसऱ्या डिग्रीच्या समान ग्रिडवर एकच कंट्रोल पॉइंट उचलला तर पृष्ठभाग त्याच्या ४/९ एवढाच उठतो. ४० चा काटा १८ सुद्धा भरत नाही. इंटरपोलेट चालू केले तर उंची मिळते, पण काट्याभोवती पृष्ठभाग मूळ पातळीच्या खाली बुडून लाटा येतात. सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्राला) शेवटी मेशच, म्हणजे छोट्या सपाट तुकड्यांची जाळीच, द्यायचा आहे, तर सुरुवातीपासून मेशच ठेवा: सपाट बारीक मेश, त्याचे शिरोबिंदू उचललेले.

मेश किती बारीक? ग्रिड १० मिलिमीटरचे असेल तर काट्याचा बिंदू ग्रिडच्या चौकोनाच्या मधोमध पडू शकतो, म्हणजे जवळच्या शिरोबिंदूपासून ७ मिलिमीटर दूर. टोक गोल न करता घनाच्या सूत्रात तिथे उंची ४० ऐवजी साडेसत्तावीस भरते. शेजारचा काटा नेमका शिरोबिंदूवर आला तर तो पुरता ४० चा. मग लोक विचारतात की काटे कमीजास्त का दिसतात. २ मिलिमीटरच्या ग्रिडवर उंची ४० वरून ३७ पर्यंतच उतरते आणि गोल टोकामुळे हा फटका आणखी कमी होतो. पण २ मिलिमीटरला पूर्ण पॅनेलचे ७ लाखांवर बिंदू होतात. काटे सव्वापाचशेच्या आसपास. प्रत्येकाचे प्रत्येकाशी अंतर म्हणजे साडेसदतीस कोटींच्या घरात आकडेमोड. ग्रासहॉपर मान टाकते. वास्तविक त्रिज्येपलीकडच्या काट्यांचे योगदान शून्यच असते. म्हणून क्लोजेस्ट पॉइंट्स, शेवटी अनेकवचन असलेला, घ्या आणि जवळचे ४ काटे मागा; शंका असेल तर ६. तो काट्यांचे क्रमांकही देतो, त्यावरून लिस्ट आयटमने त्या काट्याची उंची आणि त्रिज्या उचलायची. शिवाय पॅनेल ६०० च्या चौरसांत तोडा, आठ तुकडे होतात. काट्यांची यादी मात्र आठही तुकड्यांना एकच द्या, नाहीतर सांध्यावर अर्धे काटे जुळणार नाहीत. डिझाइन करताना १० चे ग्रिड, फाइल पाठवायच्या वेळी २ चे, असा स्लायडर ठेवला की काम सुसह्य होते.

पॅनेल सपाट आहे म्हणून सगळे वरच्या दिशेने उचलले तरी चालते, आणि तेच चांगले, कारण पॅनेल साच्यात ओतले तर निघताना काही अडकत नाही. उद्या मालकांनी वळणदार काउंटरवर हेच मागितले तर काटे नॉर्मलच्या, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनातल्या, दिशेने काढावे लागतील. तिथे फायबरचा एकसंध साचा निघेलच असे नाही, तुकड्यांचा किंवा सिलिकॉनचा करावा लागतो. आतल्या वळणावर वळणाची त्रिज्या काट्याच्या उंचीहून कमी असेल तर टोके एकमेकांत घुसतात, हेही तेव्हा तपासा.

बनवण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण आकडे त्यावरच अडतात म्हणून थोडे. सहा मिलिमीटरच्या बॉल नोज (गोल टोकाच्या) कटरने एक मिलिमीटर सरकत कापले तर सपाट भागावर दोन फेऱ्यांमध्ये राहणारी धार ०.०४ मिलिमीटरची, म्हणजे नगण्य. काट्याच्या उभ्या बाजूला उतार ६३ अंशांपर्यंत जातो. तिथे तेच एक मिलिमीटर उतारावर सव्वादोन होते आणि धार ०.२ मिलिमीटरवर जाते. सगळी घासाई तिथेच करावी लागते, आणि घासणारा माणूस टोकेच आधी उडवतो. त्यामुळे सीएनसीवाल्याला सांगून काट्यांच्या उभ्या भागापुरती उतार धरून दुसरी फेरी मागा. थोडे पैसे जास्त जातील. कटर ४० मिलिमीटरहून जास्त बाहेर निघतो ना, तेही विचारा. नाहीतर कॉलेट (कटर पकडणारा भाग) शेजारच्या काट्यावर आदळेल.

एमडीएफमध्ये थेट कापून रंगवायचा विचार असेल तर आपल्या हवेत मी तो करणार नाही. जून ते सप्टेंबर उघड्या पडवीला लागून असलेल्या खोलीत एमडीएफ ओल ओढतो, आणि काट्यासारख्या अरुंद भागात तो आधी फुगतो. एमडीएफवर मास्टर (मूळ नमुना) कापा, सील करा, त्यावरून साचा घ्या आणि पॅनेल फायबरचे ओता. होड्यांचे फायबरकाम करणारे कारागीर गोव्यात सापडतात, त्यांना हे काम नवे नाही. त्यांच्याकडे जाताना एक ६०० चा तुकडा घेऊन जा, स्क्रीनवरचे चित्र नको.

काटे विरळ असते, म्हणजे बुंधे एकमेकांना शिवत नसते, तर वरचे बरेचसे लागलेच नसते. एक वक्र काढायचा, बुंध्याशी आडवा होईल असा, तो फिरवून एक काटा करायचा आणि हव्या त्या ठिकाणी लहानमोठा करून ठेवायचा. पॅरामेट्रिक काम आहे म्हणून प्रत्येक गोष्ट सूत्रातूनच काढली पाहिजे असे नाही. तुमच्या पॅनेलच्या विरत जाणाऱ्या टोकाला त्रिज्या ४० आणि अंतर ८० आहे, म्हणजे तिथे बुंधे जेमतेम टेकतात. तेवढा भाग असाही करता येईल.

आता सबडी. राइनोतली सबडी कॅटमुल-क्लार्क (जाळी पुन्हा पुन्हा बारीक करून मऊ करायच्या) पद्धतीवर चालते आणि चौकोनी मेशवर तिचा हिशेब तोच ४/९ चा आहे जो वर सरफेस फ्रॉम पॉइंट्सचा सांगितला. म्हणून एकेका शिरोबिंदूचा काटा तिच्यात बसतो, वीव्हरबर्डमध्ये बसला तसाच. टोकाशी मिळणाऱ्या कडांना क्रीज (धार मऊ होऊ न देणारी खूण) देऊन किंवा आजूबाजूला चौकोनांची जास्तीची वर्तुळे घालून तो उभा ठेवता येतो. दहावीस मोठ्या, वाकड्या, हाताने ओढून आकार द्यायच्या काट्यांसाठी सबडी उत्तम आहे. सव्वापाचशे काट्यांसाठी नाही. मेश बारीक असेल आणि सूत्र बरोबर असेल तर तिची गरज पडणार नाही. फाइल पुन्हा बांधल्यावर दरीत काही विचित्र दिसले तर झीब्राचे चित्र आणि त्या जागेचे दोन काट्यांतले अंतर, एवढे दोनच इथे टाका.